धुराड्यातलं प्लॅटिनम आणि आपला ऊस



गेल्या वार्षिक सर्वसाधारण सभेत अहवालाचे वाचन चालू असता एका वडीलधाऱ्या सभासदांनी उठून जो प्रश्न केला, तो आपणांपैकी बऱ्याच जणांना आठवत असेल. ते म्हणाले, "दुरुस्ती खर्चात 'ऑक्सिजन प्रोब' असं लिवलंय. त्याला प्लॅटिनम लावलेलं असतंय म्हणं. उसाला दर मागितला की पैसं न्हाईत, आणि धुराड्याला दागिनं कशाला?" सभेत हशा पिकला. ही तांत्रिक बाब आहे, असे व्यासपीठावरून सांगण्यात आले आणि पुढचा विषय निघाला. पण सभा सुटल्यावर आबांनी आम्हांला चपलांच्या ढिगापाशी गाठले. "तुम्ही शेतकी खात्याचं, आमच्यातलं. तुम्ही तरी सांगा की."

आम्हांला सांगता येईना. आम्ही पदविका घेतली ती शेतीची. लागण, खोडवा, बेणे, खते आणि तोडीचा क्रम यांतच आमची वीस वर्षे गेली. बॉयलरची पायरी चढायचा प्रसंग वर्षातून एकदा, तोही अग्निप्रदीपनाच्या दिवशी प्रसाद घ्यायला. तेव्हा हंगाम संपल्यावर आम्ही बॉयलर विभागात आणि उपकरण विभागात चार-सहा दिवस जाऊन बसलो आणि मिळतील ती पुस्तके वाचली. त्यातून जे समजले ते आबांना आणि आपणां सर्वांना सांगण्याचा हा प्रयत्न आहे. त्यात आमच्या खात्याची एक चूकही उघडी पडली. तीही झाकून ठेवणार नाही.

हवेचा हिशेब

ज्यांनी गुऱ्हाळ चालवले आहे त्यांना जाळाचे गणित नव्याने शिकवायला नको. चुलवाणाशी बसलेला माणूस नुसते चिपाड कोंबत नाही. तो धुराचा रंग बघतो, जाळाचा आवाज ऐकतो. धूर काळा आला म्हणजे हवा कमी पडली. धूर अजिबात दिसेना आणि काहिलीला उकळीही येईना, म्हणजे हवा जास्त झाली. आपल्या बॉयलरचे तेच आहे. फक्त तिथे चुलवाण चार मजली घराएवढे आणि चिपाड निम्मे पाणी धरलेले.

असले एक किलो ओले चिपाड पुरते जळायला साधारण तीन किलो हवा लागते. आम्हांला हे ऐकून नवल वाटले. जळणापेक्षा वारा तिप्पट! आता भट्टीत हवा आणि चिपाड कधी अगदी बरोबर मिसळत नाहीत, म्हणून थोडी हवा जादाच सोडावी लागते. किती जादा, हे धुरात उरलेल्या ऑक्सिजनवरून कळते. बाहेरच्या हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के असतो. धुरात तो ५ टक्के उरला, तर हवा गरजेपेक्षा साधारण ३० टक्के जादा गेली असे समजावे. १० टक्के उरला, तर ९० टक्के, म्हणजे जवळजवळ दुप्पट हवा गेली.

ही जादा हवा काम काही करीत नाही. बाहेरून थंड येते, आपल्या जळणावर फुकट तापते आणि धुराड्यातून निघून जाते. धूर बाहेरच्या हवेपेक्षा १३० अंशांनी गरम धरला आणि ५ टक्क्यांच्या जागी १० टक्के ऑक्सिजन धरला, तर किलो चिपाडामागे सुमारे ५० किलोकॅलरी उष्णता आभाळ तापवण्यात जाते. किलोभर चिपाडात सारी मिळून सव्वादोन हजारांच्या आसपास. म्हणजे दोन-अडीच टक्के नुकसान. टक्का लहान दिसतो. पण १०० टन उसाचे २८-३० टन चिपाड निघते. त्यातले अर्धा ते पाऊण टन असे गेले. ज्या चिपाडावर वाफ, वीज आणि हंगामाच्या शेवटची शिल्लक अवलंबून असते, त्यातले हे जाते. उलट हवा फार कमी केली तर चिपाड अर्धवट जळते, कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू होतो आणि काळा धूर निघतो. तेव्हा आकडा हवा, आणि तो त्या घडीचा हवा. तो सांगायला हा प्रोब बसवलेला आहे.

जू सुटते, पुन्हा जुंपते

दिसायला म्हणाल तर एक लांब पोलादी नळी. तिच्या टोकाशी पांढऱ्या चिनीमातीसारख्या पदार्थाची टोपी, तिच्या आतून आणि बाहेरून प्लॅटिनमचा पातळ थर. थर किती पातळ? वहीच्या कागदाहूनही पातळ. आबांचा दागिना एवढाच! टोपीच्या बाहेरच्या अंगाला धूर लागतो, आतल्या अंगाला स्वच्छ हवा. जवळच्या विजेच्या शेगडीने टोपी ७०० अंशांच्या आसपास तापती ठेवलेली असते.

ऑक्सिजन हवेत एकटा हिंडत नाही. दोन अणूंची जोडी असते, बैलजोडीसारखी. ही जोडी तापलेल्या प्लॅटिनमवर उतरली की जू सुटते आणि दोन्ही अणू वेगवेगळ्या खुंट्यांना बांधल्यासारखे पृष्ठभागावर अडकून राहतात. शास्त्राच्या पुस्तकात याला अधिशोषण म्हणतात. शोषण नव्हे, बरं का. रान पाणी शोषते तेव्हा पाणी आत मुरते. इथे ऑक्सिजन आत मुरत नाही. पहाटे उसाच्या पानावर दव बसावे तसा वरच बसतो, पण दवापेक्षा पुष्कळ घट्ट. उलट क्रियाही सारखी चाललेली असते. खुंट्यावरचे दोन अणू सरकत सरकत एकमेकांजवळ आले की पुन्हा जोडी जुंपली जाते आणि थर सोडून हवेत निघून जाते. बसणे आणि सुटणे, दोन्ही एकाच वेळी, एकाच दावणीवर.

आम्ही तिथल्या तंत्रज्ञांना विचारले, मग प्लॅटिनमच कशाला? लोखंड का नको, सोने का नको? उत्तर मोठे मासलेवाईक आहे. लोखंड ऑक्सिजनला असे धरते की सोडतच नाही; त्याचा गंज होतो. सोन्यावर ही जोडी सहसा फुटतच नाही. बैल आले तसे निघून जातात. प्लॅटिनम धरतेही आणि सोडतेही. शिवाय एवढ्या आचेत आणि धुरात टिकते. किंमत द्यायची ती या धरण्या-सोडण्याची.

आता पांढऱ्या टोपीकडे वळू. तिचा पदार्थ म्हणजे झिर्कोनिया, झिर्कोनियम धातूचे ऑक्साइड, त्यात थोडे इट्रिया मिसळलेले. झिर्कोनियमच्या एका अणूच्या वाट्याला दोन ऑक्सिजन येतात, इट्रियमच्या वाट्याला दीडच. म्हणून इट्रियमचे दोन अणू आत घातले की ऑक्सिजनची एक जागा रिकामी राहते. उसाच्या सरीत नांग्या पडाव्यात, तसे. आम्ही दर हंगामात नांग्या भरा, नांग्या भरा म्हणून आपल्या मागे लागतो. इथे त्या मुद्दाम पाडलेल्या असतात! कारण याच रिकाम्या जागांवरून ऑक्सिजन उड्या मारत पलीकडे जातो. प्लॅटिनमवर बसलेला एकेक अणू धातूकडून दोन इलेक्ट्रॉन घेतो, भार अंगावर घेऊन चिनीमातीत शिरतो आणि या नांगीवरून त्या नांगीवर सरकतो. दुसऱ्या अंगाला इलेक्ट्रॉन टाकून पुन्हा प्लॅटिनमवर येतो, जोडी जमली की सुटतो. ट्रॅक्टरच्या बॅटरीत जे काम आम्लाचे पाणी करते, ते इथे कोरडी चिनीमाती करते. म्हणून तिला घन इलेक्ट्रोलाइट म्हणतात. मात्र ती तापलेली असावी लागते. थंड असता ती काही कामाची नाही.

आतल्या हवेत ऑक्सिजनची दाटी, बाहेरच्या धुरात टंचाई. दाटीकडून टंचाईकडे जायचा रेटा असतोच. पण चिनीमातीतून इलेक्ट्रॉनला वाट नाही. त्यांना तारेनेच जावे लागते, आणि तारेच्या वाटेत मोजयंत्र बसवलेले. ते जवळजवळ काहीच प्रवाह जाऊ देत नाही. त्यामुळे रेटा साचतो आणि तोच व्होल्टेज म्हणून दिसतो. टोपी ७०० अंशांवर असताना धुरात १० टक्के ऑक्सिजन असेल तर सुमारे १५ मिलिव्होल्ट, ५ टक्के असेल तर ३०, २ टक्के असेल तर ४९. दोन्ही बाजूंना हवाच असेल तर शून्य. विजेरीतल्या एका सेलच्या पन्नासाव्या हिश्श्याएवढा हा दाब, आणि त्यावर एवढ्या मोठ्या बॉयलरचे पंखे कमी-जास्त करायचे!

हे काही कालचे शोध नाहीत. झिर्कोनियात इट्रिया घालून तापवले की ते वीज वाहते, हे वाल्थर नेर्न्स्ट या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दाखवले आणि त्याचा दिवाही केला. तो दिवा पेटण्याआधी तापवून घ्यावा लागे. व्होल्टेज आणि वायूचे प्रमाण यांची सांगड घालणारे सूत्रही त्याच्याच नावाने ओळखतात. अमेरिकेत वेस्टिंगहाउस कंपनीच्या संशोधकांनी १९६१ साली या पदार्थाचे ऑक्सिजन-मापक प्रसिद्ध केले. १९७६ साली बॉश कंपनीचा असाच संवेदक व्होल्वो मोटारींत बसू लागला. आणि ज्यांच्या दारात बी.एस.-६ ची मोटारसायकल उभी आहे, त्यांनी सायलेन्सरच्या वाटेवर वायर लावलेला एक बोल्ट दिसतो का ते पाहावे. बहुतेक गाड्यांत तो याच जातीचा असतो. तेव्हा प्लॅटिनमचा दागिना फक्त कारखान्यालाच आहे असे नाही.

चिखलाचा ऊस

आता आमच्या चुकीकडे येतो.

गेल्या हंगामात मध्येच अवकाळी पाऊस झाला. गव्हाणीत ऊस कमी पडू लागला. रानाला वाफसा यायच्या आतच आमच्या खात्याने काही गटांत तोडी दिल्या. सभासदांचाही आग्रह होता, नाही असे नाही. गव्हासाठी रान मोकळे हवे होते. पण चिटबॉयच्या हातात तोडीचा कागद आमच्याच सहीने गेला. मोळ्या आल्या त्या चिखलाने लडबडलेल्या, मुळ्यांसकट, वाढ्यांसकट. पाचटही पुरते काढलेले नव्हते. आमच्या मनात एवढेच होते की उतारा थोडा खाली येईल, चार दिवसांनी सावरेल.

बॉयलरवर काय झाले ते आम्हांला तेव्हा कळले नाही. पंधरवड्याने शेजारच्या वस्तीवरच्या दोन भगिनी शेतकी कार्यालयात आल्या. दोरीवरची धुणी काजळीने काळी झालेली, ती आमच्या टेबलावर टाकली. "सायेब, ही धुवायला साबण तुमचा कारखाना देणार का?" आम्ही त्यांना बॉयलरकडे बोट दाखवले. बॉयलरच्या मंडळींनी आमच्याकडे बोट दाखवले. आता मागे वळून बघता त्यांचे बोट जास्त बरोबर होते.

चिपाड कधी ओले, कधी कोरडे, मातीमुळे राख जास्त. जाळ वर-खाली होत होता. अशा वेळी प्रोबच्या आकड्यावर नजर ठेवून फायरमनने हवा सांभाळायची. पण पॅनेलवरचा आकडा हलायलाच तयार नव्हता. म्हणजे बंद पडला होता असेही नाही. हलत होता, पण उशिरा. ओले चिपाड आले, जाळ मंदावला, धुरात ऑक्सिजन वाढला. आकडा मात्र अजून मागच्या घडीचाच. तो वर चढेपर्यंत कोरडे चिपाड आलेले असे. मग चढलेला आकडा बघून हवा कमी केली जाई, ती नेमकी हवेची गरज असताना. की निघाला काळा धूर. पूर्ण बंद पडलेले यंत्र एक वेळ परवडते, कारण मग फायरमन डोळ्यांनी जाळ बघतो. उशिरा खरे बोलणाऱ्या यंत्रावर माणूस विश्वास ठेवून बसतो.

उपकरण विभागाने प्रोब काढून तपासला. ठरावीक ऑक्सिजनच्या बाटल्यातला वायू त्यावर सोडला. काही सेकंदांत आकडा स्थिर व्हायला हवा होता, त्याला मिनिटे लागू लागली. टोपीवरची गाळणी राखेने बुजली होती. ती साफ केल्यावर फरक पडला, पण पुरता नाही. आत प्लॅटिनमवर करड्या रंगाची, काचेसारखी पुटे धरलेली. उसाच्या राखेत वाळूचा अंश आणि पालाश असतोच, वर रानाची माती आली. एवढ्या आचेत हे मिश्रण धातूला चिकटून बसले असावे, असे आमच्या तंत्रज्ञांचे मत पडले. दावणीच्या खुंट्यांवर चिखलाचे ढेकूळ! मग ऑक्सिजनच्या जोडीला सुटायला आणि जुंपायला जागा किती उरणार? शेवटी आकडा येतो बरोबरच, पण रांगेत उभा राहून येतो. शिवाय सारखे तापून प्लॅटिनमचे बारीक कणही एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि खुंट्यांची संख्या आपोआपच घटते. ते वयोमानाचे दुखणे, त्याला इलाज नाही. पण चिखल हे वयोमानाचे दुखणे नव्हे.

आणखी एक गंमत कळली. अर्धवट जळलेला कार्बन मोनॉक्साइडही याच प्लॅटिनमवर बसतो. शेजारच्या खुंट्यावर ऑक्सिजन असला की दोघांचा तिथल्या तिथे कार्बन डाय-ऑक्साइड होऊन जातो. मोटारीच्या धुराड्यातले प्लॅटिनम मुद्दाम हेच काम करते. आपल्या प्रोबवर मात्र त्यामुळे आकडा खरा असतो त्यापेक्षा थोडा कमी दिसतो. धुरात १ टक्का कार्बन मोनॉक्साइड असला तर अर्धा टक्का ऑक्सिजन तोच खाऊन टाकतो. उलट प्रोबच्या अलीकडे धुराच्या वाटेला कुठे भोक असले, तर बाहेरची हवा आत ओढली जाऊन आकडा फुगतो. तेव्हा आकडा हा पंच आहे, पण पंचालाही कोणी काय दाखवले हे बघावे लागते.

पाट्रासचा प्रयोग

हे वाचता वाचता आम्हांला एक अशी हकीकत सापडली की ती सांगितल्यावाचून राहवत नाही. ग्रीस देशात पाट्रास नावाचे बंदराचे शहर आहे. तिथल्या विद्यापीठात कोस्टास व्हायेनास नावाच्या प्राध्यापकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच मांडणी, झिर्कोनिया आणि त्यावर प्लॅटिनमचा थर, उलटी वापरून पाहिली. आपण व्होल्टेज मोजतो. त्यांनी बाहेरून वीज दिली. म्हणजे चिनीमातीतून ऑक्सिजन मागच्या दाराने प्लॅटिनमवर ढकलला. समोरून इथिलीन वायू आणि ऑक्सिजन सोडलेला होताच. प्लॅटिनमवर इथिलीन जळतो. (हा तोच इथिलीन, ज्याने केळी पिकतात, आणि जो इथेफॉनच्या फवाऱ्यातून उसाला मिळतो.)

१९८९ साली त्यांनी जे प्रसिद्ध केले ते असे. ३७० अंशांवर नुसता एक मायक्रोअँपिअर, म्हणजे अँपिअरचा दहा लाखावा भाग, एवढा प्रवाह दिला असता जळण्याचा वेग २६ पट झाला. मागच्या दाराने आलेल्या दर एका अणूमागे समोरचे ७४,००० अणू जादा कामाला लागले. आमचा विश्वास बसेना, म्हणून आकडा दोनदा वाचला.

हे कसे होते? मागून आलेला अणू लगेच जळत नाही. तो भार अंगावर घेऊन प्लॅटिनमवर पसरतो आणि फार घट्ट बसतो. त्याच्या शेजारी समोरून आलेल्या ऑक्सिजनची पकड ढिली होते. दावणीत एक मारका बैल आणून बांधला की बाकीची जनावरे कशी दावे ताणून, जायच्या तयारीत उभी राहतात, तसेच म्हणा. ढिले झालेले अणू चटकन इथिलीनशी जुळतात. पुढे १९९० नंतरच्या दशकात या मंडळींनी थर हळूहळू तापवून कोणत्या आचेला किती ऑक्सिजन सुटतो ते मोजले, आणि एकाच पृष्ठभागावर दोन तऱ्हेचा ऑक्सिजन खरोखरच दिसला. एक लवकर सुटणारा, एक उशिरा. त्यांनी याआधी १९८१ साली चांदीवरही असे काम केले होते. चांदीवर इथिलीनचे इथिलीन ऑक्साइड होते. आपल्या देशात मळीच्या अल्कोहोलपासून इथिलीन आणि पुढे इथिलीन ऑक्साइड बनवतात, तिथेही उत्प्रेरक चांदीच असते. म्हणजे हा विषय उसापासून वाटतो तेवढा लांब नाही. मात्र विजेचा हा मार्ग मोठ्या कारखान्यांत अजून रुळलेला नाही, तेव्हा उद्याच्या सभेत "आपण का बसवत नाही" म्हणून कोणी उठू नये ही विनंती.

आम्ही त्यातून एवढेच घेतले की प्लॅटिनमवर काय बसते, किती घट्ट बसते, यात जरासा फरक पडला तरी काम कुठल्या कुठे जाते. तिथे तो फरक शहाण्यांनी जाणून पाडला. इथे तो आम्ही चिखलाने पाडला.

येत्या हंगामासाठी आमच्या खात्याने ठरवले आहे ते असे. पाऊस झाल्यावर वाफसा आल्याचे आमच्या कर्मचाऱ्याने रानात पाय ठेवून पाहिल्याशिवाय तोड दिली जाणार नाही, मग गव्हाण दोन तास थांबली तरी बेहत्तर. तोडीआधी पाणी बंद करण्याबाबत गटवार सूचना जातील. त्याकडे भारी काळ्या रानाच्या सभासदांनी विशेष लक्ष द्यावे, कारण चिखलाच्या मोळ्या तिथूनच जास्त आल्या. टोळीने मुळ्या आणि वाढे न काढता मोळी बांधली तर मुकादमाशी भांडण आपण करू नये, आम्हांला कळवावे. ते भांडण आमचे. बॉयलर विभागाने प्रोबची तपासणी ठरावीक दिवसांनी बाटल्यातल्या वायूने करण्याचे मान्य केले आहे, आणि नुसता आकडा नव्हे तर आकडा यायला लागलेला वेळही वहीत लिहिला जाईल. धुराच्या वाटेची भोके या देखभालीत बुजवली आहेत.

काढून टाकलेला जुना प्रोब आम्ही शेतकी कार्यालयात आमच्या टेबलावर मागून घेतला आहे. आबा परवा येऊन तो हातात घेऊन बघून गेले. नखाने खरवडून पाहिला. "एवढंच?" म्हणाले. मग करडे पूट बोटाला लागले, ते त्यांनी नाकाशी धरले आणि विचारले, "ही कुणाच्या रानाची माती?" ज्यांना बघायचा असेल त्यांनी कार्यालयीन वेळेत यावे, शनिवारी आम्ही शिवारात असतो.

— ऊस विकास अधिकारी